‘कोई शक?’ या प्रश्नाच्या आधी आणि नंतर

नमस्कार ताई,

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. वय २१, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट ‘बी’ ग्रेडने मिळालंय. मला सैन्यात ऑफिसर व्हायचंय आणि घरात ते कुणालाच पटत नाहीये. आई म्हणते, “घरात माझं एक ऐकत नाहीस, तिथे दिवसभर लोकांचे हुकूम ऐकशील?” आजी पाहुण्यांसमोर म्हणते, “इसको कौन झेलेगा!” खरं सांगायचं तर मीही थोडी घाबरलेय. कारण न सांगता कुणी ‘हे कर’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. कोचिंगचे सर एकदा सगळ्यांसमोर विनाकारण बोलले, मी त्याच दिवशी क्लास सोडला. आमच्या ढोल पथकात गेल्या गणपतीला नवा ताल मी बसवला होता. ऐनवेळी पथकप्रमुखांनी जुनाच वाजवायचा ठरवला. मी ढोल खाली ठेवला आणि घरी आले. मिरवणूक गच्चीवरून पाहिली. आणि एक सांगते, कॅम्पमध्ये रात्री पावसाने तंबू पडले तेव्हा कुणाची वाट न बघता मी ज्युनिअर मुलींना शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यात हलवलं. सकाळी आधी ओरडा बसला, मग शाबासकी मिळाली. माझ्यासारखीने सैन्यात जावं का? गेले तर मला मोडून भलतीच कुणीतरी बनवतील का?

एक हट्टी मुलगी, इंदूर

प्रिय मुली,

तू सही ‘हट्टी मुलगी’ अशी केलीस, म्हणून आधी त्या शब्दापाशी थांबते. आपल्या भाषेत या स्वभावाला एकच नाव नाही. हट्टी आहे, हेकट आहे, मनस्वी आहे, करारी आहे, बाणेदार आहे. घरातली माणसं वैतागली की सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरतात. पण हेकट आणि करारी यांत फार अंतर आहे. हेकट माणूस ‘माझंच खरं’ एवढ्यासाठी भांडतो. करारी माणूस काम नीट व्हावं म्हणून भांडतो आणि भांडण हरला तरी काम टाकून जात नाही. तुझ्या एका पत्रात मला या दोघी भेटल्या. पावसात ज्युनिअर मुलींना हलवणारी मुलगी सैन्यात जावी असं मला मनापासून वाटतं. ढोल खाली ठेवून गच्चीवर गेलेल्या मुलीशी मात्र मला जरा बोलायचंय.

क्लास सोडलास त्याबद्दल काही म्हणत नाही. फी भरून अपमान सोसायचं काही कारण नव्हतं आणि तिथून उठून जायची तुला मोकळीक होती. फक्त एवढं लक्षात ठेव की वर्दी अशी त्याच दिवशी उतरवून ठेवता येत नाही.

मी इंदूरच्याच रामबागेत वाढले. लहानपणी छोट्या लाइनीच्या गाडीने महूच्या छावणीत मावशीकडे जायचो तेव्हा पाठीवर पिट्ठू बांधून धावणारे तरुण अधिकारी डब्याच्या खिडकीतून दिसायचे. आमच्या घरातही तेव्हा हीच वाक्यं होती, फक्त आजीऐवजी काका बोलायचे. नव्वदच्या दशकात मी सिग्नल्समध्ये, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन विभागात, अधिकारी झाले, पुढे तरुण अधिकाऱ्यांच्या कोर्ससाठी त्याच महूला आले आणि दहा वर्षं नोकरी करून बाहेर पडले. तेव्हा हे जे लिहितेय ते त्या दहा वर्षांच्या भरवशावर.

तुझ्या आईचा समज असा की सैन्याला मान खाली घालून ऐकणारी माणसं हवी असतात. मुलाखतीला जाशील तेव्हाच तुला दिसेल की तसं नाही. तुला बहुधा भोपाळचं सिलेक्शन सेंटर मिळेल. तिथे पाच दिवस तुझ्यात पंधरा गुण शोधतात. ते काही गुपित नाहीत. पुढाकार, निर्धार, धैर्य, आत्मविश्वास, निर्णयाचा वेग, जबाबदारीची जाणीव, गटावर छाप पाडण्याची ताकद, हे सगळं त्यात आहे. आज्ञाधारकपणा त्या पंधरांत नाही. पहिल्यांदा ती यादी वाचली तेव्हा मी दोनदा मोजून पाहिली होती. पण त्याच यादीत सहकार्य आहे आणि नव्या माणसांत, नव्या जागी रुळण्याची तयारीही आहे. म्हणजे ठाम माणूस हवाय, पण जो इतरांसोबत ठाम राहू शकतो असा.

मैदानावरच्या कामांत हे लगेच उघडं पडतं. आठ-दहा जणींना एक फळी, एक बल्ली आणि दोर देतात आणि अडथळ्यांच्या पलीकडे जायला सांगतात. लाल रंगाला कुणाचाही पाय लागता कामा नये. मी तयारीसाठी येणाऱ्या मुलींना रविवारी हे करायला लावते. दर वेळी एक मुलगी असते जिला तोडगा सगळ्यांत आधी सुचतो. ती फळी हिसकावते, टेकवते, चढते आणि मग मागे वळून बघते तर फळीचं दुसरं टोक धरायला कुणीच नसतं. सगळ्या हात बांधून उभ्या असतात, कारण तिने कुणाला विचारलंच नाही. तोडगा बरोबर असतो आणि ती फळीवर एकटीच डगमगत उभी असते. तू जाशील तेव्हा त्या मुलीला आठव.

आता माझी एक गोष्ट सांगते. ही मी फार कमी लोकांना सांगितली आहे.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. राजस्थानात सराव चालू होता आणि रेडिओ रिलेचं एक ठाणं माझ्याकडे होतं. मास्ट म्हणजे उंच खांब उभा करायचा, वर अँटेना चढवायची आणि लांबच्या दुसऱ्या ठाण्याशी संपर्क जोडायचा. या यंत्रणेत दोन्ही अँटेना एकमेकींना सरळ ‘दिसाव्या’ लागतात. मध्ये उंचवटा आला की संपर्क गेला. कंपनी कमांडरांनी नकाशावर जागा नेमून दिली. मला वाटलं, मध्ये वाळूचा टिब्बा आडवा येतोय. मी तसं बोलले. पण बोलले कुठे? रेडिओवर, जिथे सगळी ठाणी कान देऊन ऐकत होती. आणि स्वर असा की तुम्हाला एवढंही कळत नाही का. पलीकडून उत्तर आलं, “सांगितलंय तिथेच लाव.”

मी लावला. वाळूत खुंटी धरत नाही. पोती वाळूने गच्च भरून खड्ड्यात पुरायची आणि मास्टचे तणावे त्यांना बांधायचे, हे मी स्वतःच्या हातांनी शिकलेली होते. त्या संध्याकाळी पोती अर्धवट भरली गेली, ती मी पाहिली आणि काही बोलले नाही. एक जवान तणावा ओढून बघत म्हणाला, “मॅडम, ये थोड़ा ढीला है।” मी म्हटलं, “चलेगा।” मनात एकच होतं, पडू दे, मग कळेल त्यांना.

रात्री वारा सुटला. एका बाजूची पोती सरकली, तणावा सैल पडला, मास्ट कलला. अडीच तास संपर्क बंद. अंधारात, तोंडात वाळू जात असताना, त्याच जवानांनी तो पुन्हा उभा केला. त्यांच्यातल्या एकाच्या तळहाताची साल दोराने निघाली. मी टॉर्च धरून उभी होते आणि तो हात माझ्या टॉर्चच्या उजेडात होता.

सकाळी सुभेदार साहेब चहाचा मग घेऊन शेजारी येऊन उभे राहिले. ते माझ्या वडिलांच्या वयाचे होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मॅडम, काम पूरा करके बोलते, तो बात में वज़न होता।”

तो टिब्बा खरोखर आडवा येत होता का? मला आजही माहीत नाही. मास्ट कलला म्हणून संपर्क गेला की जागाच चुकीची होती, हे तपासायची सोयच मी ठेवली नव्हती. माझं मत बरोबर असेलही. पण अर्ध्या मनाने काम करून ते मत सिद्ध व्हायची एकुलती एक संधी मी स्वतःच घालवली. आणि हात सोलला दुसऱ्याचा.

काही महिन्यांनी दुसऱ्या सरावात पुन्हा तसाच प्रसंग आला. या वेळी मी नकाशावरच्या समोच्च रेषांवरून दोन ठाण्यांमधल्या जमिनीचा छेद आलेखाच्या कागदावर काढला, उंचवटा नेमका कुठे आहे तिथे पेन्सिलीने खूण केली आणि आदेश सुटायच्या अर्धा तास आधी त्याच कंपनी कमांडरांच्या तंबूत गेले. “सर, दोन मिनिटं?” त्यांनी कागद बघितला, डोकं खाजवलं, एक प्रश्न विचारला आणि जागा बदलली. साहेब तेच होते, मीही तीच होते. मत तेवढंच ठाम होतं, उलट थोडं जास्तच.

तू ‘कोई शक?’ हे शब्द एनसीसीत ऐकले असशीलच. आदेश देऊन झाले की वरिष्ठ हे विचारतात. कॅडेट असताना आपल्याला वाटतं की हा नुसता रिवाज आहे, ‘नो सर’ म्हणून सुटायचं. मला वाटतं सैन्यातल्या तुझ्यासारख्या सगळ्या माणसांचं आयुष्य या दोन शब्दांभोवती फिरतं. त्या प्रश्नाच्या आधी आणि तो विचारला जातो त्या क्षणी तुझं मत ही तुझ्या कर्तव्याचाच भाग आहे. चूक दिसत असून गप्प बसलीस तर तो गुन्हाच, कारण उद्या तिथे कुणाचा तरी मुलगा उभा असणार. आणि तो प्रश्न संपला की निर्णय कुणाचा होता हे विसरून जायचं. तो आता तुझा आहे. पोती गच्च भरायची.

“पण हुकूमच चुकीचा असेल तर?” असं तू विचारशील. तर हे ऐक. १९५० च्या आर्मी ॲक्टचं कलम ४१ हुकूम मोडण्याबद्दलचं आहे. त्यात शिक्षा कडक आहे, पण ती ‘कायदेशीर’ हुकूम मोडल्याबद्दल आहे. हा शब्द कायद्यातच आहे. नि:शस्त्र माणसावर हात टाक, खोटा अहवाल लिही, असं कुणी सांगितलं तर ‘नाही’ म्हणायला तुला कणा लागेल, आणि तिथे तुझा हट्ट देशाच्या उपयोगी पडेल. मात्र अवघड, कंटाळवाणा, आपल्याला न पटणारा किंवा दुसऱ्याने सुचवलेला हुकूम म्हणजे बेकायदा हुकूम नव्हे. रोजच्या नोकरीत शंभरातले नव्याण्णव असेच असतात.

तेव्हाचे लष्करप्रमुख माणेकशा यांचं तुला सगळे सांगत असतील. एप्रिल १९७१ मध्ये लगेच पूर्व पाकिस्तानात शिरायला त्यांनी पंतप्रधानांसमोर नकार दिला, पावसाळा, नद्यांचे पूर, सैन्याची तयारी ही कारणं मांडली आणि वेळ मागून घेतला. लोक त्या ‘नाही’वर फिदा असतात. मला त्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. तो नकार बंद खोलीत दिला गेला, कारणांसकट दिला गेला आणि त्यानंतर त्यांनी मिळालेले महिने तयारीत असे घालवले की ३ डिसेंबरला पेटलेलं युद्ध १६ डिसेंबरला संपलं. हेच माणेकशा पन्नासच्या दशकात आपल्या महूच्या इन्फन्ट्री स्कूलचे प्रमुख होते, हे इंदूरच्या मुलीला माहीत असायला हवं.

आणि तू तर अहिल्याबाईंच्या गावची. आपण राजवाड्यासमोर त्यांचा पुतळा बघत मोठ्या झालो. करारी बाई म्हटलं की त्याच डोळ्यांपुढे येतात: १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, पाठोपाठ मुलगा मालेराव गेला आणि दौलत गिळायला टपलेल्यांपुढे या बाई ठाम उभ्या राहिल्या. पण त्याआधीचं एक पत्र आहे, १७६५ सालचं, मल्हाररावांनी सुनेला धाडलेलं. त्यात काय आहे? चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जा, तिथे चार-पाच दिवस मुक्काम कर, मोठा तोफखाना जवळ ठेव, दारूगोळ्याची होईल तितकी तरतूद कर. निव्वळ कामाचे हुकूम. सासऱ्यांनी तोफखाना तिच्या हवाली केला होता, कारण सांगितलेलं काम ती चोख करते हे त्यांनी अनेक वर्षं पाहिलेलं होतं. पुढे जवळपास तीस वर्षं जिने कुणाचं दडपण घेतलं नाही, त्या बाईने आधी अशा यादीतली एकेक गोष्ट पार पाडली होती. आजीला हे पत्र वाचून दाखव. ‘इसको कौन झेलेगा’चं उत्तर त्यात आहे.

आता तुझी खरी भीती. “मला मोडून भलतीच कुणीतरी बनवतील का?”

खोटं सांगणार नाही. पहिले काही आठवडे तसंच वाटतं. कधी उठायचं, केस कसे बांधायचे, चादरीची घडी किती इंचांची, काही म्हणजे काही तुझ्या हातात नसतं. एकीची चूक झाली की सगळ्यांना रगडा लागतो आणि न्याय-अन्याय मनात यायच्या आत तू चिखलात फ्रंट रोल मारत असतेस. आमच्या वेळी मुलींचं प्रशिक्षण २४ आठवड्यांचं होतं, आता मुलांसारखंच ४९ आठवड्यांचं आहे, म्हणजे हे सगळं दुप्पट काळ. पण त्यांना मोडायचं काय असतं ते ऐक. एका लांब पल्ल्याच्या मार्चमध्ये माझ्या टाचेला मोठा फोड आला. मी कुणाला सांगितलं नाही. ‘मी सांगणार नाही’ याचा मला मोठा अभिमान होता. पुढे फोड फुटला, मोजा बुटाला चिकटला आणि शेवटच्या टप्प्यात मी लंगडायला लागले. माझी रायफल एका कोर्समेटने घेतली, पिट्ठू दुसरीने, आणि आमचा गट सगळ्यांच्या मागे आला. वेळेवर सांगितलं असतं तर पाच मिनिटांत पट्टी बांधून झालं असतं. त्या दिवशी माझ्यातलं जे मोडलं ते मोडायलाच हवं होतं. ‘मला कुणाची गरज नाही’ या समजुतीला मी तोवर स्वाभिमान समजत होते.

बाकी माझा स्वभाव होता तसाच राहिला. विचार माझ्या घरच्यांना.

एक बाजू मात्र लपवता येणार नाही. स्वातंत्र्य म्हणजे तुझ्या लेखी काय, हे तू नीट तपासून बघ. आपल्या मनाप्रमाणे गाव निवडणं असेल, तर ते नाही मिळणार, दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड उचलावं लागेल. मनात आलं ते जाहीरपणे लिहिणं-बोलणं असेल, तर तेही नाही. घटनेच्या अनुच्छेद ३३ ने संसदेला सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर बंधनं घालायचा अधिकार दिला आहे. त्यामुळे संघटना बांधणं, राजकारणात भाग घेणं, परवानगीशिवाय वर्तमानपत्रांशी बोलणं, या वाटा बंद होतात. राजकारणावर रोज पोस्ट टाकल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांचा जीव तिथे गुदमरतो, आणि तो त्यांचा दोष नाही. त्यांनी दुसरं क्षेत्र निवडावं.

आणि सगळे वरिष्ठ माझ्या त्या कंपनी कमांडरांसारखे कागद बघणारे नसतात. काहींना प्रश्न म्हणजे उद्धटपणाच वाटतो. दर वर्षी तुझा गोपनीय अहवाल तुझे वरिष्ठच लिहिणार आणि बढती त्यावर ठरणार. माझ्या एका वर्षाच्या अहवालाने माझं नुकसान झालं, त्याचं आजही वाईट वाटतं. अन्याय झाला तर दाद मागायची वाट कायद्यात आहे. अधिकाऱ्याला कलम २७ खाली थेट केंद्र सरकारपर्यंत तक्रार नेता येते. पण ती वाट लांबची आहे आणि चालताना परेड चुकवून चालत नाही.

तशी चाललेल्या बायका मी पाहिल्या आहेत. १९९२ पासून मुली अधिकारी होऊ लागल्या, पण ठरावीक वर्षांनी घरी, कायम नोकरी फक्त पुरुषांना. २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, पुढे वर्दीतल्या अधिकारी बायका स्वतः त्यात उतरल्या. २०१० मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल बाजूने लागला, सरकार वर गेलं, आणि १७ फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. सतरा वर्षं! यातल्या कितीतरी जणी सकाळी त्याच व्यवस्थेला सॅल्यूट करत होत्या, सीमेवर तुकड्या सांभाळत होत्या आणि त्याच व्यवस्थेविरुद्ध कोर्टात उभ्या होत्या. कुणी ढोल खाली ठेवला नाही. तू आज जो कायम नोकरीचा विचार करू शकतेस तो त्यांच्यामुळे. माझ्या वेळी तो निकाल असता तर मी कदाचित आजही वर्दीत असते. हे लिहिताना हात थोडा थांबलाच.

आता कामाचं. ‘सी’ सर्टिफिकेट ‘बी’ ग्रेडचं आहे, पदवीला ५० टक्के मिळाले की एनसीसी स्पेशल एन्ट्रीसाठी तू पात्र ठरशील. वयाची अट १९ ते २५, लग्न झालेलं नसावं. यात लेखी परीक्षा नाही, अर्ज छाननीतून निघाला की थेट मुलाखतीचं बोलावणं येतं. जाहिरातीतल्या तारखा आणि अटी अर्ज भरताना पुन्हा नीट वाच. निवड झाली, वैद्यकीय तपासणीत पास झालीस की अधिकारी प्रशिक्षण अकादमीत जाशील. नोकरी आधी दहा वर्षांची, पुढे चार वाढवून मिळू शकतात, आणि कायम नोकरीसाठीही अर्ज करता येतो. पायदळ आणि रणगाडे मुलींना अजून खुले नाहीत, पण २०२३ मध्ये पहिल्या पाच मुली तोफखान्यात गेल्या. अहिल्याबाईंनी ग्वाल्हेरला नेलेल्या तोफा आठवून मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

मुलाखतीत शब्द दाखवतात, प्रत्येकावर वाक्य लिहायला पंधरा सेकंद, असे साठ. शिवाय अर्ध्या तासात साठ प्रसंग, तू काय करशील ते लिहायचं. कुणी तरी तुला ‘छान छान’ उत्तरं पाठ करून देईल. घेऊ नकोस. एवढ्या घाईत माणूस आपला स्वभावच लिहितो. तंबूची गोष्ट विचारली तर ओरडा बसला तेही सांग आणि तो का बसला ते तुला आज कळतंय का तेही सांग. मला वाटतं तो मुली हलवल्याबद्दल नव्हता. हलवल्यावर कॅम्पच्या ऑफिसात एका मुलीला निरोप घेऊन पाठवली असतीस तर रात्रभर कुणी तुम्हाला पावसात शोधत फिरलं नसतं. बरोबर ना?

आईशी भांडू नकोस. तिच्या वाक्यात काळजी आहे, आणि एक निरीक्षणही आहे जे सरसकट खोटं नाही. तिला एवढंच विचार, की गेल्या वर्षात तिने सांगितलेलं कोणतं काम मी न पटता केलं आणि नीट केलं. एखादं आठवलं तर दोघींना बरं वाटेल. नाही आठवलं तर दोघींना कळेल की काय करायचं आहे.

आणि गणपती फार लांब नाहीत. पथकात परत जा. प्रमुखांना आधी एकटं गाठून सांग की गेल्या वर्षी मी असं निघून जायला नको होतं, माझ्या जागेवर ऐनवेळी दुसरी मुलगी उभी करावी लागली असेल. नवा ताल सुचवायचा असेल तर सराव सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, चौघीजणींना घेऊन, वाजवून दाखव. त्यांनी ऐकला आणि तरीही जुनाच ठरवला, तर तो वाजव. पहिल्या ठोक्यापासून विसर्जनापर्यंत, तुझा स्वतःचा ताल असता तर जसा वाजवला असतास अगदी तसा. घरी आलीस की खांदे दुखत असतील, ढोलाच्या पट्ट्याचा वळ असेल. त्या रात्री मला लिही, मनात काय होतं ते. चांगलंच असायला हवं असं नाही, खरं लिही.

भोपाळची तारीख आधी आली, तर ती आधी कळव.

तुझी
ताई